उपग्रहाच्या दोन फोटोंपासून डीईएम: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवशिक्यांसाठी

खानापूरच्या डोंगरांचा उठाव नकाशावर दाखवणं एवढंच काम असेल, तर स्वतः डीईएम (म्हणजे जमिनीच्या उंचीच्या आकड्यांची जाळी) तयार करत बसू नका. तयार डीईएम फुकट मिळतात. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट-1 वरून केलेला कार्टोडेम आहे, नासाचा एसआरटीएम आहे आणि युरोपचा कोपर्निकस जीएलओ-30 आहे. तिन्हींत साधारण दर तीस मीटरला एक उंची मिळते. सर्वसाधारण कामाला माझी पहिली पसंती कोपर्निकसला.

मग स्वतः करायचं कशाला? पहिलं कारण तारखेचं. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी 2000 मधली अकरा दिवसांची मोजणी. कोपर्निकसची मूळ रडार मोजणी 2011 ते 2015 या काळातली. त्यानंतर एखादी खडीची खाण खोल गेली, टेकडी कापून रस्ता झाला किंवा कचऱ्याचा डोंगर उभा राहिला, तर ते त्यांत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डीईएमचा आकडा कुठून येतो हे एकदा स्वतः करून पाहिलं की 'जीआयएसने (संगणकी नकाशाप्रणालीने) काढलंय' म्हणून कुणी टेबलावर नकाशा टाकला, तर त्याला नेमका प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे पूररेषा, पाणलोट, रस्त्याची आखणी अशा सगळ्या कामांत असे नकाशे पुढे येतात.

दोन फोटोंतून उंची कशी निघते

अंगठा डोळ्यांसमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो, आणि जितका जवळ धराल तितका जास्त सरकतो. उपग्रहाचं तंत्र हेच. एकाच जागेचे दोन कोनांतून फोटो घ्यायचे, प्रत्येक ठिपका एका फोटोतून दुसऱ्यात किती सरकला ते संगणकाने शोधायचं आणि त्यावरून उंची काढायची.

नवशिक्यासाठी सर्वांत सोयीची जोडी अ‍ॅस्टरची. हा जपानी बनावटीचा कॅमेरा नासाच्या टेरा उपग्रहावर बसवलेला आहे, आणि टेरा डिसेंबर 1999 मध्ये सोडला गेला. उपग्रह सुमारे 705 किलोमीटर उंचीवरून जाताना एक दुर्बीण सरळ खाली बघते आणि दुसरी मागे वळून 27.6 अंशांत. त्यामुळे खानापूरचा सरळ फोटो घेतल्यावर सुमारे 55 सेकंदांनी त्याच भागाचा तिरका फोटो मिळतो. सरळ फोटोचं नाव 3एन, तिरक्याचं 3बी. दोन्हींत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 15 मीटर.

आता कागद-पेन्सिल घ्या. दोन फोटो घेतल्या जागांमधलं अंतर भागिले उपग्रहाची उंची, हे गुणोत्तर अ‍ॅस्टरसाठी साधारण 0.6 आहे. जुळणी एका ठिपक्याने चुकली तर जमिनीवर चूक 15 मीटर आणि उंचीत 15 भागिले 0.6, म्हणजे 25 मीटर. चांगलं सॉफ्टवेअर ठिपक्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जुळणी नेतं असं धरलं, तरी आठ-साडेआठ मीटर उरतातच. हा हिशेब वहीत लिहून ठेवा. पुढे कुणी अ‍ॅस्टरवरून दोन मीटरच्या समोच्चरेषा काढून दाखवल्या, तर काय बोलायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

दोन प्रश्न हमखास येतात. गुगल अर्थचे स्क्रीनशॉट चालतील का? नाही. त्यांना कॅमेऱ्याची माहिती नसते, आणि ते आधीच एखाद्या डीईएमवर ताणून सपाट केलेले असतात. सेंटिनेल-2 चे चांगले दहा मीटरचे फोटो फुकट मिळतात, ते चालतील का? तेही नाही, कारण तो उपग्रह जोडचित्रांसाठी बनवलेलाच नाही.

सॉफ्टवेअर कोणतं

फ्रान्सच्या आयजीएन या नकाशा संस्थेचं मिकमॅक आहे, फ्रेंच अवकाश संस्था सीएनईएसचं कार्स आहे. दोन्ही मुक्त आणि दोन्ही ताकदवान. पण सुरुवात एम्स स्टिरिओ पाइपलाइनवर करा. हे नासाच्या एम्स संशोधन केंद्राचं काम असून मंगळ आणि चंद्राच्या फोटोंवरही ते चालतं. परवाना अपाची 2.0, म्हणजे कॉलेजच्या प्रकल्पात वापरा किंवा धंद्यात, अडवणूक नाही. अ‍ॅस्टरसाठी त्यात वेगळी सोय केलेली आहे आणि पुस्तिका तपशीलवार आहे. मी त्याला पुढे एएसपी म्हणेन. निकाल पाहायला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर लागेल, तेही मुक्तच.

बसवणं

एएसपी लिनक्स आणि मॅकवर चालतं. विंडोजवाल्यांनी आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) सुरू करून त्यात उबुंटू हे लिनक्स घ्यावं. आठ जीबी रॅमवर काम निभतं, सोळा असेल तर बरं. पन्नासेक जीबी जागा मोकळी ठेवा, कारण मधल्या पायऱ्यांच्या फायली भराभर साठतात.

गिटहबवरच्या एएसपीच्या पानावरून तयार बांधलेली आवृत्ती उतरवा, उलगडा आणि तिच्या 'बिन' फोल्डरचा पत्ता पाथमध्ये (संगणक आज्ञा जिथे शोधतो त्या यादीत) घाला. स्रोतापासून बांधायच्या फंदात पडू नका, नवशिक्याचा अख्खा आठवडा त्यातच जातो. डब्ल्यूएसएलवाल्यांनी फायली विंडोजच्या सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवाव्यात, नाहीतर काम गोगलगायीच्या गतीने चालतं.

पुढे आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देतो. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत, अंडरस्कोर आहे तिथे अंडरस्कोर आणि अंक आहे तिथे अंक देऊन लिहायची. पॅरलल_स्टिरिओ लिहून एंटर दाबल्यावर वापराची माहिती आली, तर सगळं जागेवर बसलं.

चित्रं निवडणं

इथे घाई करू नका. निम्मं यश इथेच ठरतं.

नासाच्या अर्थडेटा सर्चवर फुकट खातं उघडा, नकाशावर आपल्या भागाचा चौकोन ओढा आणि अ‍ॅस्टर एल1ए शोधा. एल1ए म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ माहिती, आणि घ्यायची ती हीच. एल1बी किंवा एल1टी घेतलंत तर त्यात एएसपीला लागणारी कॅमेऱ्याची माहिती नसते आणि पहिल्याच पायरीवर गाडी अडते. मागणी नोंदवताना फाइलचा प्रकार विचारला तर जिओटिफ निवडा.

एक अ‍ॅस्टर चित्र साधारण 60 गुणिले 60 किलोमीटरचं असतं. नशीब असेल तर बेळगाव शहर, खानापूर आणि राकसकोप एकाच चित्रात येतात. निपाणी-चिकोडीसाठी बहुधा वेगळं चित्र घ्यावं लागतं. अ‍ॅस्टर रोज सगळीकडचे फोटो काढत नाही, मागणीप्रमाणे काढतो, त्यामुळे हव्या त्या वर्षाचं चित्र मिळेलच असं नाही.

महिना बघून घ्या. जून ते सप्टेंबरची चित्रं सोडूनच द्या. त्या दिवसांत कणकुंबी-जांबोटीकडे ढगाशिवाय काही दिसत नाही. ढग झाकतो तेवढ्यावर भागत नाही. 55 सेकंदांत तो वाऱ्याने पुढे सरकलेला असतो आणि सॉफ्टवेअर ते सरकणं उंचीचं समजतं. मग सपाट शिवारात अचानक भलामोठा डोंगर किंवा खड्डा उगवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. टेरा बहुतेक वर्षं सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा (आता त्याआधी जातो), आणि थंडीत तेव्हा ऊन तिरकं असल्याने माळावरचे उंचसखल भाग उठून दिसतात. मात्र डोंगरांच्या वायव्य बाजूला गडद सावल्या पडतात आणि तिथे जुळणी कच्ची राहते. छोटं चित्र मोठं करून घाटमाथा नीट बघा. सकाळचं धुकं दरीत साचलेलं असेल तर ते चित्र नको.

एक संदर्भ डीईएमही उतरवून ठेवा. कोपर्निकसचे तुकडे एकेक अंशाचे असतात. बेळगाव आणि खानापूर उत्तर 15, पूर्व 74 या तुकड्यात येतात. सोळावा अक्षांश शहराच्या उत्तरेला आहे, त्यामुळे हुक्केरी, हिडकल, गोकाक, चिकोडी आणि निपाणीसाठी उत्तर 16, पूर्व 74 हा तुकडा लागेल.

चालवणं

पहिली आज्ञा अ‍ॅस्टर2एएसपी. तिला उतरवलेल्या चित्राचं फोल्डर द्या आणि निकालाला छोटंसं नाव द्या, समजा 'खानापूर', अर्थात इंग्रजी अक्षरांत. दोन चित्रं आणि दोन एक्सएमएल फायली तयार होतात. एक्सएमएलमध्ये कॅमेरा कुठे होता आणि कुठे बघत होता याची माहिती असते.

दुसरी आज्ञा पॅरलल_स्टिरिओ. तिला आधी कॅमेऱ्याचा प्रकार अ‍ॅस्टर म्हणून सांगायचा, मग क्रमाने 3एन चित्र, 3बी चित्र, 3एनची एक्सएमएल, 3बीची एक्सएमएल आणि शेवटी निकालाचं नाव. क्रम चुकवू नका. जुळणीची पद्धत दिली नाही तर साधी ठोकळा-जुळणी चालते. 'स्टिरिओ-अल्गोरिदम' या पर्यायात एएसपी_एमजीएम आणि 'सबपिक्सेल-मोड' मध्ये 9 दिलंत तर वेळ जास्त जातो, पण एकसुरी माळरानावर निकाल बराच सुधारतो. पहिल्यांदा साध्या पद्धतीनेच चालवा. काम पूर्ण होतंय याची खात्री झाली की एमजीएम लावा.

शेवटी निकालाच्या नावापुढे पीसी जोडलेली एक टिफ फाइल मिळेल. हा बिंदूंचा ढग, म्हणजे उंचीसकट सुटे बिंदू. अजून तो डीईएम झालेला नाही.

तिसरी आज्ञा पॉइंट2डेम. तिला दोन गोष्टी सांगा: प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) आणि जाळीचं अंतर. आपला सगळा सीमाभाग यूटीएम या प्रक्षेपणाच्या 43 उत्तर विभागात येतो. त्याचा ईपीएसजी क्रमांक, म्हणजे सॉफ्टवेअरला द्यायचा ठरलेला आकडा, 32643. जाळी 30 मीटरची ठेवा. पंधराची मागितली तर सॉफ्टवेअर देईल, पण माहिती वाढत नाही, खडबडीतपणा तेवढा वाढतो. सोबत 'एररइमेज' हा पर्याय जरूर लावा. दोन कॅमेऱ्यांचे किरण एकमेकांपासून किती अंतरावरून गेले याचा नकाशा त्यातून मिळतो. तो आकडा जिथे मोठा, तिथल्या उंचीवर विश्वास कमी ठेवायचा.

डीईएम क्यूजीआयएसमध्ये उघडून हिलशेड (उन्हा-सावलीने उठाव दाखवणारी सोय) लावा. पश्चिमेला सह्याद्रीची कड, खानापूरजवळ मलप्रभेचं खोरं आणि येळ्ळूरची राजहंसगडाची टेकडी ओळखू आली, तर गाडी रुळावर आहे.

बेळगाव सातशेच्या खाली का दिसतं

आता शहरावर क्लिक करून उंची बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे हे आपल्याला माहीत असतं. तुमचा डीईएम सातशेपेक्षाही कमी दाखवेल. घाबरू नका, हिशेब चुकलेला नाही. एएसपी उंची मोजतं ती डब्ल्यूजीएस84 या गणिती लंबगोलापासून. समुद्रसपाटी म्हणजे जिओइड हा वेगळा पृष्ठभाग आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो जगात सर्वांत जास्त दबलेला आहे, लंबगोलाच्या शंभर मीटरहून खाली. त्या खळग्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. बेळगाव परिसरात दोन्ही पृष्ठभागांत साठ मीटरहून जास्त फरक आहे.

दुरुस्तीची आज्ञा डेम_जिओइड. जिओइड म्हणून ईजीएम2008 द्या, कोपर्निकसही तोच वापरतो. पण ही दुरुस्ती सगळ्यात शेवटी करायची, कारण पुढच्या पायरीला लंबगोलावरचीच उंची लागते.

जागेवर बसवणं

नुसत्या उपग्रहाच्या माहितीवर केलेला डीईएम थोडा सरकलेला असतो, आडवाही आणि उभाही. तो कोपर्निकसवर बसवायचं काम पीसी_अलाइन करतं. त्याआधी कोपर्निकसचा तुकडा लंबगोलावर आणायला हवा. त्यासाठी डेम_जिओइड 'रिव्हर्स-अ‍ॅडजस्टमेंट' पर्यायासह चालवा. ही पायरी राहिली की पीसी_अलाइन साठ-सत्तर मीटरचा खोटा फरक भरून काढत बसतं आणि निकाल पार बिघडतो.

पीसी_अलाइनला आधी संदर्भ डीईएम आणि मग तुमचा बिंदूंचा ढग द्या. कमाल सरकण सुरुवातीला दोनशे मीटर ठेवा आणि सरकवलेले बिंदू जतन करायचा पर्याय लावा. त्या नव्या ढगावर पॉइंट2डेम पुन्हा चालवा. मग जिओडिफने दोन्ही डीईएमची वजाबाकी करा. फरकाचा नकाशा शून्याच्या आसपास ठिपक्याठिपक्यांचा दिसला तर ठीक. त्यावर समांतर पट्टे किंवा लाटा दिसल्या तर ती जमीन नव्हे, उपग्रहाची थरथर. अ‍ॅस्टरमध्ये हा दोष ओळखीचा आहे.

चोर्ला घाटाची बाजू तुमच्या चित्रात असेल तर आणखी एक युक्ती लागते. तिथे जमीन गोव्याच्या दिशेने शेकडो मीटर कोसळते, त्यामुळे दोन फोटोंतलं सरकणं फार मोठं होतं आणि जुळणी कड्यावर तुटते. अशा वेळी मॅपप्रोजेक्ट ही आज्ञा वापरून दोन्ही चित्रं आधी लंबगोलावर आणलेल्या कोपर्निकसवर अंथरा, दोन्हींना तेच प्रक्षेपण आणि तोच 15 मीटरचा ठिपका द्या. मग ही अंथरलेली चित्रं पॅरलल_स्टिरिओला द्या आणि निकालाच्या नावानंतर सर्वांत शेवटी तो डीईएमही जोडा. मोठं सरकणं डीईएमनेच हिशेबात धरलेलं असतं, आणि सॉफ्टवेअरला उरलासुरला फरक तेवढा शोधावा लागतो. डोंगराळ भागाला मी सरळ हीच पद्धत सुचवेन. चिकोडीच्या सपाटीवर तिची गरज भासत नाही.

पडताळणी

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर टेकड्यांच्या माथ्यांच्या उंच्या छापलेल्या असतात. बेळगाव-खानापूर 48 आय मध्ये आणि निपाणी-चिकोडी 47 एल मध्ये येतं. माथ्यांपेक्षा माळावरचे सपाट बिंदू निवडा. टोकदार माथा तीस मीटरच्या चौकोनात सपाट होऊन जातो आणि उंची उगाच कमी वाटते. हीच गत गोकाकच्या धबधब्याची. 52 मीटरची सरळ उडी तुमच्या डीईएमवर दोन-तीन चौकोनांत पसरलेला उतार होऊन बसते.

हिडकल आणि राकसकोपचं पाणी बघा. तिथे भोकं असतील किंवा पाण्यावर टेकड्या उगवल्या असतील. पाण्याला जुळवण्यासारखी खूणच नसते, त्यामुळे हे होणारच. ती भोकं आपोआप भरण्यापेक्षा जलाशयाची हद्द आखून तो भाग कापून टाका.

भीमगडच्या जंगलात मिळणारी उंची झाडांच्या शेंड्यांची असते, जमिनीची नव्हे. तिथे कोपर्निकसशी फरक दिसला म्हणून लगेच भूस्खलनाचा निष्कर्ष काढू नका.

जागेवर जायचं असेल तर कर्नाटक सरकारचं दिशांक अ‍ॅप सर्व्हे नंबर शोधायला उपयोगी पडतं. ते कर्नाटकापुरतंच आहे. चंदगड किंवा गडहिंग्लजची हद्द लागली की महाराष्ट्राचे नकाशे वेगळे उघडावे लागतात.

यावरून काय करू नये

वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारातून एक प्रश्न हमखास येतो: बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात कुठवर चढेल ते यावरून सांगता येईल का? सरळ उत्तर, नाही. नाल्याचा काठ आणि शेताचा बांध यांत फरक मीटर-दोन मीटरचा आणि आपल्या डीईएमची चूक आठ-दहा मीटरची. यावर पूररेषा आखून कुणाच्या शेतावर फिरवली तर तो अन्याय होईल, मग नकाशा कितीही रंगीत असो. त्या कामाला जमिनीवरचं लेव्हलिंग हवं किंवा ड्रोनचे फोटो. ड्रोनच्या फोटोंसाठी ओपनड्रोनमॅप हे वेगळं मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि नाल्याच्या काठावर चार पक्के मोजलेले बिंदू असतील तर तेच खरं कामाचं.

अ‍ॅस्टरला जमतं ते मोठं. मलप्रभेचं वरचं खोरं कुठून सुरू होतं, मार्कंडेयचं पाणलोट कुठे संपतं, एखादी टेकडी निम्मी कापली गेली का, हे दिसतं. खाण मोजायची तर वीसेक मीटरपेक्षा खोल आणि काही एकर पसरलेली हवी. दोन वेगळ्या वर्षांची चित्रं घ्या, दोन्ही डीईएम एकाच कोपर्निकसवर बसवा आणि मगच वजाबाकी करा. आधी खाणीच्या आसपासच्या न बदललेल्या माळावर फरक किती येतो ते पाहा. तिथेच दहा मीटर येत असतील, तर खाणीत दिसणाऱ्या बारा मीटरला अर्थ नाही.

फायलीला नाव देताना त्यात चित्राची तारीख, ईपीएसजी क्रमांक आणि उंची लंबगोलावरची की ईजीएम2008 वरची, एवढं लिहा. 'फायनल' आणि 'फायनल नवीन' अशा नावांची फाइल दुसऱ्याला पाठवलीत, तर तो साठ मीटरचा फरक पुन्हा शोधत बसेल.